मदत हवी आहे: भ्रूण प्रत्यारोपणाआधी अ‍ॅक्युपंक्चर किती आठवडे घ्यावे?

नवी_पालवी:
माझे भ्रूण प्रत्यारोपण येत्या पाळीच्या चक्रात ठरले आहे आणि त्याआधी अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचे, हे मी नक्की केले आहे. प्रश्न एवढाच आहे की सुया किती आठवडे आधी सुरू कराव्यात आणि प्रत्यक्ष प्रत्यारोपणाच्या दिवशी घ्याव्यात की टाळाव्यात. मी ज्या चिनी वैद्यांकडे जाते, त्यांच्या मते तीन महिन्यांपेक्षा कमी उपचारांचा उपयोग होत नाही, आणि माझ्या हातात तीन महिने नाहीत. इंटरनेटवर वाचावे तर एक जण यशाची शक्यता दीडपट होते असे लिहितो आणि दुसरा काहीच फरक पडत नाही असे लिहितो. उपचार घ्यावेत की नाहीत यावर मला चर्चा नको आहे. ज्यांनी घेतले आहेत त्यांनी कृपया वेळापत्रक सांगावे, तेही लवकर.

मोगरा_८:
मी आयव्हीएफच्या (शरीराबाहेर बीज फलित करण्याच्या उपचारांच्या) संपूर्ण काळात आठवड्यातून एकदा अ‍ॅक्युपंक्चर घेत होते आणि प्रत्यारोपणाच्या दिवशी आधी व नंतर, असे दोन्ही वेळा घेतले. आज माझी मुलगी शाळेत जाते. इंजेक्शनांच्या त्या दिवसांत मला झोप लागत नसे, ती सुयांनंतर लागू लागली, आणि कोणीतरी आपले सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेते आहे ही भावनाही फार मोठी होती. तुम्ही मनात शंका न ठेवता आजच सुरुवात करा.

तळटीप:
ताई, वेळापत्रक सांगण्याआधी काही गोष्टी समजायला हव्यात. आपले वय किती आहे? आयव्हीएफ कोणत्या कारणासाठी करावे लागले? भ्रूण ताजे आहे की गोठवलेले? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वैद्यांनी केवळ सुया सांगितल्या आहेत की पोटात घ्यायचे काही औषधही दिले आहे? सुया आणि औषधी वनस्पती या दोन्ही गोष्टी 'चिनी उपचार' या एकाच नावाखाली येत असल्या, तरी त्यांतील धोके अगदी वेगवेगळे आहेत.

यिनयांग_साधक:
या उपचारपद्धतीचा मी बरीच वर्षे अभ्यास करतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. चिनी वैद्यकानुसार जननशक्तीचे मूळ मूत्रपिंडात साठवलेल्या 'जिंग' या सत्त्वात असते, आणि गर्भाशयापर्यंत रक्त पोहोचवण्याचे काम 'चोंग' आणि 'रेन' या वाहिन्या करतात. प्राचीन ग्रंथांत स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडलेले आहे: चौदाव्या वर्षी पाळी येते, अठ्ठाविसाव्या वर्षी शरीर सर्वांत बळकट असते, पस्तिसाव्या वर्षापासून ओहोटी लागते आणि एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी थांबते. त्यामुळे वैद्य आधी नाडी आणि जीभ पाहून गर्भाशयात थंडी आहे, यकृताची 'ची' म्हणजे प्राणशक्ती अडली आहे, की रक्त साकळले आहे, हे ठरवतात आणि प्रत्येक स्त्रीसाठी वेगळे बिंदू निवडतात. सर्वांना लागू पडेल असे वेळापत्रक या शास्त्रात असूच शकत नाही. तीन महिन्यांचा नियम मात्र योग्य आहे, कारण स्त्रीबीज पक्व होण्याच्या शेवटच्या टप्प्यांना साधारण तेवढा काळ लागतो.

नवी_पालवी:
माझे वय 34 आहे आणि भ्रूण गोठवलेली आहेत. कारण गर्भनलिकांचे आहे; एक बंद आहे आणि दुसरीत पाणी साचले आहे, असे अहवालात लिहिले आहे. वैद्यांनी एक चूर्ण दिले आहे, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घ्यायचे. पुडीवर नाव नाही, पण त्याने ओटीपोटातील 'ओलावा' निघून जाईल असे ते म्हणाले. माझा प्रश्न मात्र सुयांच्या दिवसांचा आहे.

तळटीप:
भ्रूण गोठवलेली आहेत, यावरून तीन महिन्यांचा प्रश्न आपोआप सुटतो. स्त्रीबीज ज्या पिशवीत वाढते त्या कूपाला वाढीच्या शेवटच्या टप्प्यांसाठी सुमारे 85 दिवस लागतात, आणि तीन महिन्यांचा आग्रह त्यावरूनच धरला जातो. तुमची बीजे तर केव्हाच काढून, फलित करून ठेवलेली आहेत. आज घेतलेली सुई त्या भ्रूणांच्या गुणवत्तेत कोणताही बदल करू शकत नाही. उरतो तो गर्भाशयाच्या अस्तराचा भाग, आणि ते दर चक्रात नव्याने तयार होते. तेव्हा तीन महिने नाहीत म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

आता दीडपटीबद्दल. जर्मनीतील एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात 160 स्त्रिया होत्या. प्रत्यारोपणाआधी आणि नंतर 25-25 मिनिटे सुया घेतलेल्या गटात गर्भधारणेचे प्रमाण 42.5 टक्के होते, तर सुया न घेतलेल्या गटात 26.3 टक्के. आपण वाचलेले उत्साहवर्धक लेखन बहुधा या अभ्यासातून आणि त्यानंतरच्या तशाच लहान अभ्यासांतून आले आहे. पण दुसऱ्या गटाला नकली सुया दिलेल्या नव्हत्या, त्यामुळे परिणाम सुईचा की काळजी घेतली गेल्याचा, हे वेगळे काढता येत नाही. 2018 साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील 848 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात नकली सुयांचा गट ठेवला होता. तिथे जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण खऱ्या सुयांनी 18.3 टक्के आणि नकली सुयांनी 17.8 टक्के आले. हा फरक नसल्यासारखाच आहे.

यिनयांग_साधक:
या निष्कर्षाशी मी सहमत नाही. त्या अभ्यासात सुया फक्त तीन वेळा दिल्या होत्या. तीन वेळच्या उपचारांवरून या पद्धतीचा निवाडा करणे अन्यायाचे आहे. शिवाय तो अभ्यास ताज्या भ्रूणांच्या चक्रांवर झाला होता आणि या ताईंची भ्रूणे गोठवलेली आहेत. नकली सुईचा स्पर्शही शरीराला जाणवतोच, त्यामुळे तो गट पूर्णपणे निष्क्रिय होता असे मानता येत नाही.

तळटीप:
आपला आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट देतो. 2017 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास चीनमध्येच, पीसीओएस (स्त्रीबीज नियमित बाहेर न पडण्याचा संप्रेरकांचा विकार) असलेल्या 1000 स्त्रियांवर झाला. तिथे आठवड्यातून दोनदा, जास्तीत जास्त 32 वेळा सुया दिल्या गेल्या. क्लोमिफीन ही स्त्रीबीज बाहेर पडण्यास मदत करणारी गोळी आणि खरी सुई मिळालेल्या गटात 29.4 टक्के स्त्रियांना बाळ झाले, क्लोमिफीन आणि नकली सुईच्या गटात 28.0 टक्के, गोळीऐवजी दिखाऊ गोळी मिळालेल्या दोन गटांत हेच प्रमाण अनुक्रमे 13.9 आणि 16.8 टक्के होते. गोळीचा परिणाम उघड दिसतो, सुईचा दिसत नाही. या ताईंना पीसीओएस नाही हे मला मान्य आहे. पण 'उपचार कमी पडले' हे कारण तिथे देता येत नाही. नकली सुईही काम करते असे मानले, तर बिंदू आणि वाहिन्या अचूक निवडण्याला काय अर्थ उरतो, याचेही उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

मोगरा_८:
आकडे काहीही सांगोत, ज्या स्त्रीने ते दिवस काढले आहेत तिला विचारा. बाळ सुईमुळे झाले की नाही हे मला सिद्ध करता येणार नाही, पण ते दिवस सुईमुळे निभावले हे मी खात्रीने सांगते.

निवांत_सायंकाळ:
सुया दुखत नाहीत, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझी कंबरदुखी अ‍ॅक्युपंक्चरने पुष्कळ कमी झाली. फक्त सुई एकदा वापरून टाकून देण्याची आहे ना आणि पाकीट आपल्यासमोर फोडले जाते ना, हे पाहावे. बरगड्यांच्या आणि खांद्यांच्या भागात सुई खोल जाऊ नये, कारण क्वचित फुप्फुसाला इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

अश्विनी_रात्र:
इथे सर्वजण सुयांवर वाद घालत आहेत आणि धागाकर्तीने जाता जाता लिहिलेले वाक्य कोणीच वाचलेले दिसत नाही. ताई, नलिकेत पाणी साचले आहे असे आपण लिहिले आहे. अहवालात 'हायड्रोसाल्पिंक्स' हा शब्द आहे का? असेल, तर प्रत्यारोपणाआधी डॉक्टरांशी पहिले बोलणे त्याविषयी व्हायला हवे. ते पाणी गर्भाशयात झिरपते आणि भ्रूण रुजण्यात अडथळा आणते. अशा नलिका असताना आयव्हीएफमधील गर्भधारणेचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. म्हणून प्रत्यारोपणाआधी ती नलिका शस्त्रक्रियेने काढतात किंवा गर्भाशयाजवळ क्लिप लावून बंद करतात, आणि त्याने यशाचे प्रमाण वाढते. कोणत्याही चूर्णाने हे पाणी निघून गेल्याचा भरवशाचा पुरावा नाही. आपल्या डॉक्टरांनी याबद्दल काय सांगितले?

नवी_पालवी:
होय, अहवालात तोच शब्द आहे. तो अहवाल दुसऱ्या केंद्रातील आहे. आत्ताच्या डॉक्टरांकडे माझी जुनी फाईल आहे, पण याविषयी आमचे बोलणे झालेले नाही. चूर्णाबद्दलही त्यांना माहीत नाही. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन मात्र त्यांनीच सुरू केली आहे.

अश्विनी_रात्र:
तर मग कृपया उद्याच फोन करा आणि तो अहवाल त्यांच्या समोर ठेवा. भ्रूण गोठवलेले असल्यामुळे चक्र पुढे ढकलण्याने त्याचे काहीच बिघडत नाही. घाई करून एक चांगले भ्रूण अशा गर्भाशयात सोडणे हेच खरे नुकसान आहे.

तळटीप:
चूर्ण आजच थांबवा आणि पुडी डॉक्टरांकडे घेऊन जा. मी हे चिनी वैद्यकाच्या विरोधात म्हणून लिहीत नाही. कोणत्याही पद्धतीचे निनावी औषध असते तरी हेच लिहिले असते. चिनी औषधपाठांत नेहमी आढळणारी 'दांगग्वी' ही मुळी वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधासोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढवते, म्हणून अ‍ॅस्पिरिन चालू असताना ती पोटात जाते आहे की नाही हे डॉक्टरांना ठाऊक असायला हवे. 'गानत्साओ' म्हणजे ज्येष्ठमध जास्त काळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. ब्रसेल्समध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये एका चिनी वनस्पतीच्या जागी, नावातील साधर्म्यामुळे, अ‍ॅरिस्टोलोकिया ही वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. त्यांतील अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

यिनयांग_साधक:
या बाबतीत माझे आणि तळटीप यांचे एकमत आहे. घटकांची नावे लिहून न देणारा वैद्य मीही टाळला असता. सुयांबद्दलही एक सावधगिरी सांगतो. पायाच्या घोट्याच्या थोडा वर असलेला 'सान्यिनजियाओ' आणि हाताच्या अंगठ्याजवळचा 'हेगू' हे बिंदू परंपरेने गर्भारपणात वर्ज्य मानतात. गंमत नव्हे, पण ज्या जर्मन अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यात प्रत्यारोपणानंतर हेच दोन बिंदू वापरले होते. मी स्वतः परंपरेकडे झुकेन. प्रत्यारोपणानंतर सुया घ्यायच्याच असतील, तर ते दोन बिंदू टाळण्यास सांगा.

नवी_पालवी:
डॉक्टरांशी बोलणे झाले. त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली आणि पाणी असल्याचे त्यांनाही दिसले. प्रत्यारोपण पुढे ढकलले आहे. आधी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून ती नलिका काढायची की क्लिप लावायची, हे पुढच्या भेटीत ठरेल. चूर्ण बंद केले आहे. वैद्यांना घटक विचारले असता त्यांनी सांगण्याचे टाळले, त्यामुळे मी आता दुसरीकडे जाणार आहे. डॉक्टरांना सुयांबद्दल आक्षेप नाही. त्यामुळे माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे: केव्हापासून?

तळटीप:
शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर, प्रत्यारोपणाच्या चक्राच्या सुरुवातीपासून आठवड्यातून एकदा घेतल्यास पुरेसे आहे. त्याहून जास्त वेळा घेतल्याने बाळ होण्याची शक्यता वाढते असे भरवशाच्या अभ्यासातून दिसलेले नाही. प्रत्यारोपणाच्या दिवशी केंद्रापासून दूर जाऊन धावपळ करावी लागणार असेल, तर त्या दिवशी घेऊ नका. अ‍ॅस्पिरिनमुळे सुईच्या जागी काळेनिळे डाग पडू शकतात, म्हणून ती चालू असल्याचे नव्या वैद्यांना आधीच सांगा. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की इथे कळवा.