काउबॉय बिबॉप : शेवटची डीव्हीडी २४व्या भागावरच थांबवायला हवी होती का?

खिचडी_पापड

स्पॉयलर आहेत, सगळे आहेत. १९९८च्या या जपानी अ‍ॅनिमे (कार्टून) सिरीजला आता कसले स्पॉयलर म्हणा, पण नंतर शिव्या नकोत.

तर झालं असं की आमचा आतेभाऊ जर्सीचं घर आवरत होता आणि येताना त्याच्याकडचा सहा डिस्कचा जुना सेट मला देऊन टाकला. घरी आणून प्लेयरला घातली तर रीजन एरर, डीव्हीडीला देशवार कोड असतो ना, डिस्क अमेरिकेची म्हणजे रीजन १ आणि आपला देश रीजन ५. ज्यांनी १८वा भाग बघितलाय त्यांना कळेल मी किती हसलो, त्यात नाही का ती जुनी बीटा व्हिडिओ टेप चालवायला स्पाइक आणि जेट (बिबॉप या अंतराळ-जहाजावरचे बाउंटी हंटर, म्हणजे बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणारे) पृथ्वीवरच्या पडक्या म्युझियममध्ये तंगडतोड करत जातात, जीव धोक्यात घालून प्लेयर उचलून आणतात आणि तो निघतो व्हीएचएसचा, म्हणजे वेगळ्याच जातीच्या टेपचा. माझी तीच गत. शेवटी लॅपटॉपच्या ड्राइव्हचं रीजन बदललं (पाचच वेळा बदलता येतं, जपून).

आता मुद्दा. सहाव्या डिस्कवर २३ ते २६ असे चार भाग आहेत. २३वा तो टीव्हीवरच्या बुवाबाजीचा, बरा आहे, पुढे चला. पण २४वा! जहाजावरची पोरगी एड, तिला बाप सापडतो, तो उल्का पडून पडून रोज बदलणाऱ्या पृथ्वीचा नकाशा काढत फिरतोय, पोरीला कुठे ठेवलं होतं हेच विसरून गेलाय. जहाजावरच्या फेची आठवण गेलेली असते, तिला सगळं आठवतं आणि ती पळत पळत आपल्या घरी जाते तर घरच नाही, नुसते अवशेष, मग ती काठीने जमिनीवर चौकोन आखते, इथे माझा पलंग होता, आणि त्यात आडवी होते. इकडे जहाजावर उकडलेली अंडी मांडलेली, एड आणि आइन कुत्रा निघून गेलेत, आणि हे दोन बाप्ये एक शब्द न बोलता गेलेल्यांच्या वाटची अंडी पण तोंडात कोंबतायत. संपलं ना राव. अजून काय सांगायचं राहिलं होतं?

तर नाही, पुढे २५-२६. स्पाइकचा जुना साथीदार आणि आताचा वैरी व्हिशस तलवार घेऊन रेड ड्रॅगन टोळीमध्ये सत्तापालट करतो, स्पाइकची जुनी प्रेयसी जूलिया येते, गोळी खाते, स्पाइक जिना चढतो. २६ भागांत व्हिशस धड दिसतो पाचच भागांत, ५, १२, १३ आणि मग डायरेक्ट २५, २६. आणि जूलिया तर बाई नाहीच, भिंतीवरचा फोटो आहे. ज्या माणसांची आपल्याला धड ओळख नाही त्यांच्यासाठी मी रडू का? माझ्या मते शेवटचे दोन भाग वेगळ्याच सिरीजचे आहेत, चुकून या डिस्कवर आले.

तीन_पत्ती

+१. व्हिशसचं नाव काढून "खलनायक" लिहिलं तरी काही फरक पडत नाही. चहा टाकलाय, चालू द्या.

मिरजेची_मावशी

असहमत. माझ्या लेकाने नेटफ्लिक्सवर लावून दिली होती, मी कार्टून म्हणून भाजी निवडत बघायला बसले आणि भाजी तशीच राहिली.

तुम्ही २४व्या भागाचं इतकं छान लिहिलंत आणि मग त्यातला अर्धाच सीन घेतलात. फे त्या चौकोनात झोपते, बरं, मग पुढे? ती जाणार कुठे? २६मध्ये ती स्पाइकला सांगते की आठवण आली पण त्यातून काही चांगलं निघालं नाही, परत यायला हे जहाज एवढी एकच जागा उरली होती, आणि आता तू निघालास. बंदूक रोखलेली आहे त्याच्यावर. तो काय म्हणतो, मी मरायला नाही जात, मी खरंच जिवंत आहे का ते बघायला जातोय. आणि तो तिच्या शेजारून निघून जातो, ती छताकडे गोळ्या झाडत राहते, एक एक करून. अहो ते तुमच्या अंड्यांचंच पुढचं आहे की! २४व्यावर बंद केलं असतं तर फे आयुष्यभर त्या चौकोनात पडून राहिली असती.

जूलियाचं मात्र तुमचं पटतं. बाई आणायची आणि मारायची, म्हणजे नवऱ्यामुलाला मारामारीला कारण. मला तिचा रागच आला नाही, कीव आली.

खिचडी_पापड

मावशी, तो पॅसेजमधला सीन मी मान्य करतो, तो मास्टरपीस आहे. पण त्याला व्हिशस कशाला हवा? स्पाइक एखादं बाउंटी पकडायला जातोय आणि परत येणार नाही हे तिला कळतंय, एवढंही पुरलं असतं.

दुसरा_गिअर

नसतं पुरलं. जरा मागे जा. ५व्या भागातलं चर्च आठवा, स्पाइक रंगीत काचेतून खाली पडतो आणि पडताना आधीचं सगळं डोळ्यापुढून जातं, मग डोळे उघडतात तर अंगभर बँडेज आणि फे शेजारी बसून गुणगुणतेय आणि हा काय म्हणतो तर सूर चुकतोय. म्हणजे पाचव्या भागातच सांगून टाकलं होतं की या माणसाचं अर्धं आयुष्य मागेच पडलंय आणि इथली माणसं त्याला मलमपट्टी करतायत. मधले भाग, शोधा पकडा पैसे हातचे घालवा उपाशी झोपा, ते सगळे त्या दोन मारामाऱ्यांच्या मधली सुट्टी आहेत. व्हिशस रोज यायला लागला असता तर ती सुट्टी वाटली नसती. जुनं कर्ज असंच येतं, वर्षभर काही नाही आणि एक दिवस माणूस दारात.

आणि एक गंमत. तुम्ही म्हणताय तसं झालं होतं, म्हणजे शेवट न दाखवता बंद केलेलं. टीव्ही टोक्योने एप्रिल ते जून १९९८मध्ये २६पैकी फक्त १२च भाग दाखवले, संध्याकाळचा स्लॉट, बाकीचं त्यांना झेपलं नाही. शेवटी एक जोडजोड करून बनवलेला स्पेशल भाग लावला आणि खाली पाटी, हा शेवट नाही, खरा बिबॉप तुम्ही कधीतरी बघाल. पूर्ण सिरीज लागली वाउवाउ या सॅटेलाइट चॅनेलवर ऑक्टोबर १९९८ ते एप्रिल १९९९. त्या १२ भागांत १२वा-१३वा होते आणि ५वा नव्हता! विचार करा, लोकांनी व्हिशसला मधूनच बघितला असेल, कोण हा, कुठून आला. तुमची तक्रार त्या प्रेक्षकांनी केली तर मी ऐकून घेईन, तुमच्याकडे सहाच्या सहा डिस्क आहेत.

तीन_पत्ती

सहाच्या सहा डिस्क बघूनही "कोण हा, कुठून आला" असंच वाटतं, हाच तर प्रॉब्लेम आहे 😄

नॉनस्टिक

जूलिया फोटो आहे यावर सगळे एकमत करून बसलेत, मला वाटतं ती फोटो आहे तेच बरोबर आहे. स्पाइकचा एक डोळा नकली आहे, तो फेला सांगतो की एका डोळ्याने मला मागचं दिसायचं आणि दुसऱ्याने आत्ताचं. आपण जूलियाला त्याच्या मागचं बघणाऱ्या डोळ्यातून बघतोय हो, पाऊस, गुलाब, खिडकी, तुकडे तुकडे. ती प्रत्यक्ष आल्यावर काय होतं? कबरस्तानात दोघं भेटतात आणि थोड्या वेळात ती गच्चीवर पडते, आणि म्हणते हे स्वप्न आहे. तो म्हणतो हो, वाईट स्वप्न. तिला जास्त लिहिलं असतं, चार भाग दिले असते, तर ती माणूस झाली असती आणि मग स्पाइकला खरंच संसार करावा लागला असता.

आणि मांजराची गोष्ट विसरलात का? जाण्याआधी तो जेटसोबत जेवतो आणि गोष्ट सांगतो, एक बोका लाखो वेळा मेला आणि परत जन्मला, कोणावर जीव लावला नाही, मग एका पांढऱ्या मांजरीवर जीव जडला, ती मेली, तो खूप रडला आणि मेला तो परत जन्मलाच नाही. जपानमध्ये हे लहान मुलांचं प्रसिद्ध चित्रपुस्तक आहे, तिथल्या प्रेक्षकाला पहिल्या वाक्यातच कळत असणार काय चाललंय ते. आणि वर हा म्हणतो मला ही गोष्ट आवडत नाही, मला मांजरं आवडत नाहीत. दोघं हसतात. जेटचा पाय गोळी लागून जायबंदी, तो स्पाइकला अडवायला उठू पण शकत नाही आणि थांब म्हणत पण नाही. व्हिशस आवडो न आवडो, हा एक सीन २५-२६ला वाचवायला पुरेसा आहे.

खिचडी_पापड

मांजरीचं मी खरंच विसरलो होतो, परत बघतो.

पण नॉनस्टिक, नकली डोळ्याचं तुमचं ऐकायला भारी वाटतं, फक्त असं करून काहीही माफ होतं. लेखकाने पात्र लिहिलं नाही की आपण म्हणायचं तीच थीम आहे. लेखिका केइको नोबुमोतोने याच सिरीजमध्ये बाकी माणसं कशी लिहिलीत बघा, १३व्या भागातला ग्रेन, दोन भागांत येतो आणि जातो, सॅक्सोफोन वाजवतो, तो मेला तेव्हा मला वाईट वाटलं. म्हणजे थोडक्यात माणूस उभा करता येत होता त्यांना. जूलियाच्या बाबतीत केला नाही.

दुसरा_गिअर

ग्रेनचा पॉइंट बरोबर आहे, याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

हापूस_हंगाम

सगळे गोष्टीवरच भांडताय, शेवटची पाच मिनिटं ऐकली का कोणी नीट? जिन्यावरून खाली येतो, समोर बंदुका घेऊन पोरं उभी, बोटाची बंदूक करून "बँग", आणि पडतो. मग संगीतकार योको कान्नोचं ते गाणं चालू होतं, माइ यामानेचा आवाज, कॅमेरा वर वर जातो ढगांतून आणि आकाशात एक तारा विझतो. एरवी बहुतेक भागांच्या शेवटी पुन्हा भेटूची पाटी असते, इथे पाटी येते की हे ओझं आता तुला वाहायचंय. हेडफोन लावून बघा, टीव्हीच्या स्पीकरवर बघून मत देऊ नका. आणि जपानी ऑडिओवर बघा, डीव्हीडीचा फायदाच तो, एका बटणात स्पाइकचा मूळ आवाज, कोइचि यामादेरा.

तीन_पत्ती

इंग्लिश डबमधला स्टीव्ह ब्लमचा स्पाइक ऐकून मोठे झालेले लोक हे वाचून तुमच्या घरी येतील. इंग्लिश डब जिथे मूळच्या तोडीस तोड मानतात अशा मोजक्या अ‍ॅनिमेंपैकी ही एक आहे साहेब.

हापूस_हंगाम

येऊ देत, आंबे संपलेत.

तीन_पत्ती

बरं पण मेला का तो?

दुसरा_गिअर

दिग्दर्शक वातानाबेने मेला असं अधिकृत कधी सांगितलेलं नाही. पण तारा विझला ना. म्हातारा बुल जेटला आधीच सांगून ठेवतो ताऱ्याचं. २००१चा सिनेमा पण २२ आणि २३च्या मधली गोष्ट आहे, शेवटानंतरची नाही, म्हणजे त्यांनीही त्या दाराला हात लावला नाही.

मिरजेची_मावशी

मेला. आणि जहाजावर जेट आणि फे दोघंच राहिले, एकाचा पाय गेलाय आणि एकीला कुठे जायला जागा नाही. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढत नाही.

खिचडी_पापड

काल रात्री २६वा परत बघितला, मांजरीपासून. दोन गोष्टी. एक, व्हिशस अजूनही मला पुठ्ठ्याचाच वाटतो, शेवटच्या मारामारीत दोघं एकमेकांची हत्यारं एकमेकांकडे सरकवतात ते दिसायला झकास आहे पण मला त्याचं काही वाटलं नाही. दोन, मी २४व्यावर डिस्क बंद करा म्हणत होतो तर नंतर २४वा पण परत लावला, आणि त्यात एडने जाताना जहाजाच्या डेकवर काढलेला तो हसरा चेहरा आहे ना, आधी मी फक्त क्यूट म्हणून बघितला होता. आता माहितीये की स्पाइक पण जाणार आहे. तेव्हा तो चेहरा बघवला नाही, पॉज केलं. त्यामुळे शीर्षकातला प्रश्न अर्धा मागे घेतो. जूलियाचा अर्धा नाही.

मिरजेची_मावशी

अर्धा चालेल. बरं, ती अंडी किती होती हे मोजलंत का? लेक म्हणतो पाच जणांच्या हिशोबाने उकडली होती, कुत्र्याचं धरून.

खिचडी_पापड

थांबा मावशी, लावतो परत.