आईवडिलांचे पर्यायी कर्करोग उपचार : आपले अनुभव लिहावेत

खानदेशात कर्करोगाचे निदान झाले की मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाण्याची तयारी होण्याआधीच कोणी नातेवाईक वैद्याचा, भगताचा किंवा काढ्याचा पत्ता देऊन जातो. आई किंवा वडील त्याच वाटेने जायचे म्हणतात तेव्हा मुलांनी कुठे सोबत करावी आणि कुठे अडवावे, हे ज्यांनी निभावले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. औषधांची भलामण मात्र नको. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. सुरुवात मी करते.

आईला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा तिने शस्त्रक्रियेला साफ नकार देऊन काढा सुरू केला. केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आणि स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून अधिक असल्याचे अमेरिकेतील २०१८ च्या एका अभ्यासात आढळले होते. ते मी तिला वाचून दाखवले, पण आकड्यांनी ती हलली नाही. तिला नेमकी कशाची भीती वाटते हे मावशीने विचारले, तेव्हा कळले की केस जाण्यापेक्षा केळीच्या बागेचे काय होईल आणि खर्चापायी शेत विकावे लागेल का, याचाच तिला घोर होता. जन आरोग्य योजनेची कागदपत्रे भावाने पुढ्यात ठेवल्यावर ती शस्त्रक्रियेला तयार झाली. काढ्याच्या सगळ्या बाटल्या आम्ही डॉक्टरांकडे नेल्या. यकृताला इजा झाल्याची उदाहरणे असल्याने त्यांनी गुळवेल बंद करायला सांगितली. जेवणातली हळद मात्र राहू दिली. आपले काहीतरी राहिले, याचे तिला फार समाधान वाटले.

धुळे : माझ्या वडिलांना तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला. एका वैद्याने दिलेल्या भस्माच्या पुडीवर ना नाव होते, ना घटक लिहिलेले. काही भस्मांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळते, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. वडिलांशी वाद घालण्याऐवजी मी त्या वैद्यांकडे स्वतः जाऊन घटक लिहून मागितले. त्यांनी दिले नाहीत, आणि वडिलांनी ती पुडी आपणहून बाजूला ठेवली.

शिरपूर : केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी कमी असताना गव्हांकुरांचा कच्चा रस देऊ नये, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. एवढे एकच सांगायचे आहे, कारण आम्हाला ते आयत्या वेळी एका परिचारिकेने सांगितले.

साक्री : आमच्या आबांचा स्वादुपिंडाचा कर्करोग पसरलेला होता. “माले आते सुया नको,” असे ते म्हणाले आणि आम्ही ते मानले. त्या अवस्थेत केमोथेरपी नाकारणे हा त्यांचा अधिकार होता. काकांनी भगताला बोलावले, तेव्हा पोटात काही द्यायचे नाही आणि डॉक्टरांची औषधे थांबवायची नाहीत, एवढ्या दोन अटी घालून आम्ही पूजा होऊ दिली. मॉर्फिनची सवय लागेल म्हणून गोळी लपवणारे नातेवाईकही भेटले. त्यांना एवढेच सांगावे की ती डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेवर, दुखणे वाढण्याची वाट न पाहता द्यायची असते, आणि सोबत पोट साफ राहण्याचे औषधही पहिल्या दिवसापासून विचारून घ्यायचे असते.