मदत हवी आहे: डिफेंडर ११० साठी २० इंची रिमवरच एटी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे) टायर घ्यावेत, की रिमच १८ इंची करावेत?

पावसाळी

नमस्कार मंडळी,

गाडी लँड रोव्हर डिफेंडर ११०, तीन लिटर डिझेल, एअर सस्पेन्शनवाली. कारखान्यातून आलेले २० इंची अलॉय आहेत आणि टायरचं माप २५५/६० आर२०. टायरची नक्षी डांबरी रस्त्यालाच जास्त मानवणारी. मी पुण्यात राहते. आठवडाभर गाडी ऑफिस आणि द्रुतगती मार्गावर असते, पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी मुळशी, वेल्हे, भोरकडच्या कच्च्या वाटांवर. सप्टेंबरमध्ये स्पितीला जायचं ठरतंय. जाताना सिमला, किन्नौर, काझा. येताना कुंझुम खिंड उतरून बाताल, ग्राम्फू आणि अटल बोगद्यातून मनाली. आम्ही चौघं आणि भरपूर सामान.

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याजवळ चढावर मागच्या डाव्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, काळ्या दगडाच्या धारेने कापली गेली. वेग चालण्याइतकाच होता. पंक्चरवाल्याने टायर बघून सरळ नाही म्हटलं आणि ते बरोबरच होतं. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, खिळा घुसला तर मशरूम पॅच बसतो, साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकत असते, तिथे तो टिकत नाही. पूर्ण मापाची स्टेपनी मागच्या दारावर होती म्हणून घरी आलो. त्या मापाचा तसाच टायर मिळायला मात्र बरीच वाट पाहावी लागली. पुण्याच्या जवळ असून ही अवस्था. बाताल ते ग्राम्फू या पट्ट्यात रस्ता म्हणजे बराचसा नाल्यातले गोटे, आणि तिथे एकाऐवजी दोन टायर कापले गेले तर काय करायचं, या प्रश्नाने मी गेले काही आठवडे टायरचाच अभ्यास करत बसले आहे.

हिशोब मांडते, चूक असेल तर दुरुस्त करा. २५५/६० आर२० म्हणजे रुंदी २५५ मिमी आणि साइडवॉल तिच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मिमी. पूर्ण चाकाचा व्यास ८१४ मिमी. आता २५५/७० आर१८ घेतला तर साइडवॉल १७८.५ मिमी होते आणि व्यास तोच, ८१४. म्हणजे स्पीडोमीटर बदलत नाही, चाकाच्या कमानीला टायर घासायचा प्रश्न नाही, तरी दगड आणि रिमच्या मध्ये एक इंच रबर जास्त मिळतं. हवा कमी केल्यावर त्या एका इंचाचा उपयोग आणखी वाढेल, असं मला वाटतं. (गाडी घेताना शोरूममध्ये २२ इंची चाकं सुचवत होते. त्यात साइडवॉल जेमतेम १२४ मिमी.)

टायरवाल्यांचे सल्ले दोन टोकांचे आहेत. एक म्हणतो रिमला हात लावू नका, २० इंचीतच चांगले एटी घ्या. दुसरा म्हणतो स्पितीला जाताय तर एमटीच (मड-टेरेन, चिखलासाठीचे) हवेत. पुणे ते सिमला अठराशेच्या आसपास किलोमीटर डांबरी रस्ता, तेवढाच परतीचा. त्यासाठी एमटी घेणं मला पटत नाही. पण १८ इंची रिम माझ्या गाडीच्या ब्रेकवर बसतात का, एलटी (हलक्या ट्रकसाठीचे, मजबूत) टायर घ्यावेत की साधे, आणि टायरप्रेशरचे सेन्सर, विमा वगैरेचं काय, हे कुणी अनुभवाने सांगू शकेल का? खर्चाची तयारी आहे. एकदाच करायचं आहे, नीट करायचं आहे.

कातळवाट

ताई, हिशोब अगदी बरोबर आहे, आणि तुम्ही योग्य टोकापासून सुरुवात केली आहे. बहुतेक लोक आधी नक्षी निवडतात. दगडात टायर वाचतो तो साइडवॉलच्या उंचीने आणि हवेने. नक्षीचा नंबर तिसरा. एअर सस्पेन्शन वर केलं की गाडीचं पोट वर जातं, साइडवॉलला दगड लागायचा तो लागतोच.

तुमची खरी अडचण ब्रेकची आहे. सहा सिलिंडरवाल्या डिफेंडरच्या पुढच्या डिस्क लहान इंजिनच्या गाडीपेक्षा मोठ्या असतात. कारखान्याचे १८ इंची स्टील रिम त्या लहान ब्रेकसाठी आहेत. बाहेरच्या कंपन्यांचे काही १८ इंची रिम मोठ्या कॅलिपरवरही (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) बसतात, पण ते रिमच्या आतल्या पोकळीवर आणि आऱ्यांच्या वळणावर अवलंबून असतं. एकच माप असलेल्या दोन रिमपैकी एक बसेल, एक अडेल. म्हणून पाचही रिम विकत घेण्याआधी एक रिम, टायर न चढवता, पुढच्या चाकाला लावून बघायचा. हाताने पूर्ण फिरवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पुन्हा फिरवा. कॅलिपर आणि रिम यांच्यात निदान तीन मिलिमीटर फट हवी. आणि हे विसरू नका: बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं रिमच्या आतल्या बाजूलाच लागतात. फट अगदी कमी असेल तर ती कॅलिपरला घासून पडतात आणि द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग थरथरायला लागतं. गॅरेजवाल्याला वजनं कुठे येतील ते आधीच दाखवायला सांगा.

बाकी मापं: पाच बोल्ट, ५×१२०, मधलं छिद्र ७२.६ मिमी, नट एम१४×१.५. मधलं छिद्र मोठं असलेला रिम रिंग घालून बसवून देतात. रस्त्यावर चालून जातं, पण माझं मत विचाराल तर ऑफ-रोडला रिम हबवर (चाक जिथे बसतं तो मधला भाग) थेट बसणाराच घ्या. नटची बैठक शंकूसारखी आहे की गोल, ती रिमशी जुळली पाहिजे. नुसता आटा जुळून भागत नाही. ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते माप, मूळच्या जवळचाच ठेवा. चाक बाहेर काढलं की गाडी रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवर ताण येतो आणि चिखल सगळा दारांवर उडतो.

रिमवर भार किती चालतो ते आतल्या बाजूला कोरलेलं असतं. दाराजवळच्या पट्टीवर मागच्या अॅक्सलचा कमाल भार लिहिलेला आहे. त्याच्या निम्म्याहून जास्त भाराचा रिम हवा. हा आकडा ज्या रिमवर सापडत नाही तो कितीही स्वस्त असो, घेऊ नका. टायरचंही तसंच: लोड इंडेक्स ११३ म्हणजे एका टायरला ११५० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो. तुमच्या आत्ताच्या टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही.

आता एलटीचा प्रश्न. एलटीचा सांगाडा जाड असतो, कापला जायला अवघड. पण टायर जड असतो, आणि तेवढाच भार उचलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. म्हणजे दाराजवळच्या तक्त्यातला आकडा त्याला लागू होत नाही. टायर कंपनीचा भार-दाबाचा तक्ता बघावा लागतो. रोजच्या रस्त्यावर गाडी कडक वाटते, ब्रेक लागायला जरा जास्त अंतर लागतं. तुमची गाडी आठवडाभर डांबरावर आहे, वर्षात एखादी मोठी मोहीम आणि पावसाळ्यातल्या वाटा. मी तुमच्या जागी असतो तर १८ इंचीत एक्सएल (त्याच मापात जास्त भार झेलणारे) एटी घेतले असते, साइडवॉलला जाड रबराच्या पट्ट्या असलेले, आणि ज्यावर तीन शिखरं व हिमकणाचं चिन्ह आहे असे. त्या चिन्हाचा टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. सप्टेंबरच्या शेवटी कुंझुमला पहाटे काय मिळेल सांगता येत नाही.

एमटीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर. त्यांची नक्षी मोकळी असते म्हणून चिखल झटकला जातो. तुमच्या वाटेवर कुठे काळी माती लागली तर एटीच्या नक्षीत ती भरून टायर गुळगुळीत होतो, तिथे एमटी नक्कीच सरस. पण ओल्या डांबरावर एमटीची पकड कमी, आणि ताम्हिणी घाटात पावसात आपल्याला ओलं डांबरच जास्त लागतं.

मोजपट्टी

विम्याचं आणि कायद्याचं मी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. २५५/७० आर१८ हे डिफेंडरला कंपनीनेच दिलेल्या मापांपैकी एक आहे, त्यामुळे त्यावर राहणं शहाणपणाचं. ‘थोडा मोठा चालतो’ म्हणून ३३ इंची व्यासाच्या टायरकडे जाऊ नका. रिम बदलल्यावर बिल जोडून विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. दुरुस्तीच्या वेळी सर्व्हेअर हेच आधी विचारतो.

तुमचा टायर वेळेवर का मिळाला नाही, त्यामागे आयातीचं कारण असू शकतं. जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही. त्यामुळे आपल्याकडे कमी खपणारी मापं दुकानात पडून नसतात. म्हणून पाचही टायर एकदम, एकाच खेपेतले घ्या. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आयएसआयची खूण नसलेला टायर कुणी गळ्यात मारत असेल तर सोडून द्या.

वाळूतला कोकण्या

मी दुबईत असतो, इथे लँड क्रुझर चालवतो. मऊ वाळूत आम्ही १५ पीएसआयपर्यंत हवा उतरवतो. त्याने टायर रुंद होतो असा समज आहे. खरं तर जमिनीला टेकलेला भाग लांब होतो आणि त्यामुळे गाडी वाळूवर तरते. ताई, हा आकडा स्पितीत वापरू नका. गोट्यांमध्ये इतक्या कमी हवेवर दगड थेट रिमवर बसतो, आणि जोरात वळलात तर टायरची कड रिमवरून सुटते.

पावसाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. कातळवाट दादा, मग गोट्यांच्या पट्ट्यात हवा किती ठेवू? आणि उंचीवर हवेचं प्रेशर आपोआप वाढतं म्हणून पुण्यातूनच कमी भरून निघा, असं एकाने सांगितलं. ते खरं का?

कातळवाट

पुण्यातून कमी भरून निघू नका. अठराशे किलोमीटर महामार्गावर भरलेली गाडी कमी हवेवर पळवली की टायर तापतो, आणि तापलेला टायर फुटतो.

उंचीचं अर्धं खरं आहे. पुण्यात बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १३.७ पीएसआय, कुंझुमवर साधारण ८.३. त्यामुळे गेजवर पाचेक पीएसआय जास्त दिसायला हवं. पण तापमान ३० अंशांवरून पाचवर आलं की साधारण चार पीएसआय उतरतात. हाती उरते एखाद-दीड पीएसआयची वाढ. काझ्याला पहाटे शून्य अंशाला तर पुण्यातल्यापेक्षा किंचित कमीही दिसेल. रोज सकाळी गाडी हलवण्याआधी थंड टायरवर मोजा आणि तक्त्यातल्या आकड्याला आणा, इतकंच.

कुंझुम उतरायला लागलात की एक्सएल एटीमध्ये चारही टायर २६ ते २८ वर आणा, वेग ताशी ३०-४० च्या आत. टायरप्रेशरचा दिवा लागेल, लागू द्या. अगदी खराब जागी, माणूस पुढे उभा राहून वाट दाखवत असेल तेव्हा, २२ पर्यंत. डांबर लागलं की सगळ्यात आधी हवा भरायची. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर चांगला घ्या. हवा विरळ असल्याने वर भरायला वेळ जास्त लागतो, आणि छोटा कॉम्प्रेसर तापून बंद पडतो.

नव्या रिममध्ये प्रेशर सेन्सर गाडीच्या जुळणीचेच बसवा, स्टेपनीतसुद्धा. जुना २० इंची टायर जादा स्टेपनी म्हणून टपावर नेता येईल, व्यास तोच आहे. पण झिजलेला असला तर नव्यापेक्षा त्याचा घेर कमी, आणि ही गाडी चारही चाकं कायम फिरवते, तिला घेरातला फरक मानवत नाही. तो लावून जवळच्या गावापर्यंतच जा.

नाल्यात उतरण्याआधी पाणी गढूळ असेल तर एकाने काठी घेऊन चालत बघून यावं. डिफेंडर ९०० मिमी पाण्यातून जाते हे खरं, पण पाण्याखालचा धारदार दगड दिसत नाही, आणि त्या नाल्यांना दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं. बातालहून सकाळी लवकर निघा.

पावसाळी

दादा, हे सगळं उतरवून घेतलं.

आता असं ठरवते आहे: पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये एक १८ इंची रिम नुसता लावून बघते. कॅलिपरला फट मिळाली तर २५५/७० आर१८ एक्सएल एटी, पाच नग. नाहीच मिळाली तर १९ इंची. त्यात २५५/६५ आर१९ चाही व्यास ८१४ च येतो आणि साइडवॉल जवळपास १६६ मिमी, म्हणजे निम्मा फायदा तरी पदरात पडतो. २० इंचीवर मात्र मी बातालला जाणार नाही.

तीन लिटर डिझेलवर १८ इंची रिम प्रत्यक्ष बसवलेलं कुणी इथे असेल तर कृपया रिमचा ऑफसेट आणि कॅलिपरजवळचा फोटो टाका. वजनं नेमकी कुठे चिकटवली आहेत तेही दिसेल असा.