परसातल्या चिकूला खारी लागल्यात, विष न घालता उपाय हवा

परसदार_सातारा (१८ जानेवारी)

नमस्कार. आमचं घर साताऱ्यात, मागे जेमतेम अडीच गुंठ्यांचं परस आहे. त्यात एक कालीपत्ती जातीचा चिकू, दोन भगवा जातीची डाळिंबं, एक सीताफळ, कुंपणाला लागून शेवगा. चिकूचं कलम माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, २००९ साली दापोलीहून एस्टीत मांडीवर धरून आणलं होतं. नाना आता नाहीत. दर वर्षी पहिले पाच चिकू देवापुढे, मग नणंदेकडे एक पिशवी, मग घरात, हा त्यांनीच घालून दिलेला क्रम.

गेली दोन वर्षं तो क्रम मोडला आहे. फळ जरा मऊ पडायला लागलं की खार येते, देठाजवळून नाहीतर पोटातून कुरतडते, अर्धं खाते आणि दुसऱ्याकडे वळते. मी रोज सकाळी झाडाखाली वाकून मोजते. १ ते १५ जानेवारी या पंधरा दिवसांत ६३ फळं उष्टी निघाली. घरात आली ती ११. नणंदेकडची पिशवी या संक्रांतीला गेली नाही, आणि ते मला फार लागलं आहे.

आतापर्यंत केलेलं सगळं सांगते, म्हणजे तेच पुन्हा कुणी सुचवणार नाही. जुन्या चकचकीत सीडी-तबकड्या बांधल्या, त्याला खारी चार दिवस बिचकल्या. लसूण-मिरचीचं पाणी फवारलं, दोन दिवस बरं वाटलं, मग दव पडून धुऊन गेलं. हिरवी नायलॉनची जाळी पूर्ण झाडावर टाकली, तिसऱ्या दिवशी तिला मूठ जाईल एवढी भोकं. फळांना जुन्या साडीचे तुकडे बांधले, ते तर त्यांनी नेले. बहुतेक घरट्यासाठीच.

शेजारचे म्हणतात उंदराचं औषध ठेवा. आमच्या ह्यांनी चिकट पुठ्ठाही आणला होता, मी तो उघडूच दिला नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली त्या जीवाला या घरात विष घालायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय, आणि माझंही मन तेच सांगतं. पण मग झाड कुणासाठी राखायचं? जाणकारांनी अनुभवाचं सांगावं.

माडाखाली (१८ जानेवारी)

ताई, आमच्याकडे गुहागर बाजूला माडांना पत्रा मारतात. साधारण दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा, जमिनीपासून सहा-सात फुटांवर, खोडाला गोल गुंडाळून. त्यावर नखं रुतत नाहीत, त्यामुळे उंदीर नि खार दोन्ही वर जात नाहीत. मात्र त्या माडाची झावळी दुसऱ्या झाडाला, वायरीला किंवा घराच्या कौलाला टेकत असेल तर पत्रा फुकट गेला. चिकूला तुम्ही हे करू नका. त्याच्या फांद्या खालपासून पसरतात आणि शेवगा शेजारीच आहे म्हणता. खार पाच-सहा फूट सहज उडी घेते.

आमच्या वरच्या वाडीत शेकरू येतं, ते कोवळे नारळ फोडतं. त्याला मात्र कुणी हात लावत नाही. राज्यप्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षणही आहे.

सर्पमित्र_कृष्णाकाठ (१९ जानेवारी)

पुठ्ठा उघडू दिला नाहीत त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. चिकट पुठ्ठ्यावर खारीआधी पाली, सरडे, चिमण्या अडकतात आणि तासन् तास तडफडून मरतात. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर तेही जाऊ शकतं. ज्या परसात घुबड येतं तिथे उंदरांचा बंदोबस्त आपोआप होत असतो, तोच तुम्ही घालवून बसाल.

दुसरी विनंती, ती नायलॉनची जाळी आजच्या आज काढा. जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या जाळीत धामण शिरते, पुढे जाते, मागे येता येत नाही, आणि धागा खवल्यांत रुतत जातो. मागच्या उन्हाळ्यात अशा जाळ्यांतून सात धामणी कापून काढल्या, त्यातल्या दोन वाचल्या नाहीत. जाळी लावायचीच तर ताणून, जमिनीपासून वर आणि तारेची लावा.

पिंजऱ्यात धरून लांब सोडणं हाही मार्ग नाही. रिकामी झालेली जागा दुसरी खार घेते. आणि धरलेली मादी पिल्लांची आई असेल तर घरट्यातली दोन-तीन पिल्लं उपाशी मरतात.

घोलवडचा_बागायतदार (१९ जानेवारी)

ताई, तुमचं लिहिणं वाचून राहवलं नाही. आमची चिकूची वाडी माझ्या आजोबांपासूनची आहे, डहाणू तालुक्यात. माझं वय ६७. चिकूबद्दल जे सांगतो ते हाताने केलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, ६३ फळं एकट्या खारींनी खाल्ली असं मला वाटत नाही. तुम्ही सकाळी मोजता. खार दिवसाची, उजाडल्यावर निघते आणि सांजेला घरट्यात जाते. रात्री चिकूवर येतं ते वटवाघूळ. चिकू त्याच्या फार आवडीचा. ओळख सांगतो. खारीचं फळ बहुतेक वेळा झाडावरच लटकलेलं असतं आणि त्यावर बारीक दातांच्या जोड-जोड रेघा दिसतात. वटवाघूळ फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेतं, चावून रस पितं आणि चोथा थुंकतं. जवळ आंबा किंवा अशोक असेल तर त्याच्या बुंध्याशी पाहा. चिकूच्या काळ्या चकचकीत बिया आणि सुकलेले चोथ्याचे गोळे सापडले तर तो पाहुणा रात्रीचा. पोपट आला तर फळाला वरून खोल खाच पडते आणि निम्मं फळ खाली टाकलेलं असतं. आठवडाभर संध्याकाळी सहाला एकदा आणि सकाळी सहाला एकदा असं दोनदा मोजा. दिवसाचा आकडा वेगळा, रात्रीचा वेगळा.

दुसरी आणि खरी गोष्ट. तुम्ही फळ झाडावर मऊ पडायची वाट बघता. आम्ही वाडीवाले कधीच बघत नाही. झाडावर पिकलेला चिकू हा खारीचा, वाघळाचा, पोपटाचा. आपला चिकू कडक असताना उतरवायचा आणि घरात पिकवायचा. तो तोडल्यावर उत्तम पिकतो, चवीत काडीचा फरक पडत नाही, फक्त तयार झालेला हवा. कोवळा तोडला तर सुरकुततो आणि तुरट राहतो. लोक इथेच चुकतात, एकदा कोवळे तोडतात, तुरट लागले की म्हणतात झाडावरचाच गोड.

तयार कसा ओळखायचा ते नीट सांगतो. कोवळ्या फळावर तपकिरी खरखरीत भुकटी असते. तयार होताना ती अंगठ्याने चोळली की सुटते आणि खाली साल गुळगुळीत, फिकट बटाट्यासारखी दिसते. फळाच्या खालच्या टोकाला एक सुकलेला बारीक काटा असतो, तयार फळाचा तो बोट लागताच गळतो. तरी शंका असेल तर नखाने अगदी हलकी रेघ ओढा. खाली हिरवं दिसलं तर थांबा, पिवळट दिसलं तर उतरवा. तयार फळाला चीकही कमी येतो. चार दिवस केलंत की हात स्वतःच ओळखायला लागतो, मग नख लावावं लागत नाही.

सगळं झाड एकदम तयार होत नाही, म्हणून दर तिसऱ्या दिवशी फेरी. उंचावरची फळं झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, काढा, काठीने झोडपू नका, आपटलेलं फळ आतून कुजतं. उतरवल्यावर देठ खाली करून अर्धा तास ठेवा, चीक निथळतो. मग ओल्या फडक्याने पुसा, भुकटी काढा, सावलीत कोरडे करा आणि गोणपाटावर कागद घालून एका थरात पसरा. वर पुन्हा कागद. थंडीत सात-आठ दिवस, उन्हाळ्यात चार-पाच. घाई असेल तर मधे एक पिकलेलं केळं ठेवा. कच्चा चिकू फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, तो नंतर धड पिकत नाही. पिकलेला ठेवला तर चालतो.

शेंड्याची पाच-पंचवीस फळं तशीच सोडा. आमच्या वाडीत ती सोडतातच. तेवढं खारीला पुरतं आणि ती खालच्या कडक फळांच्या नादी कमी लागते, हा माझा अनुभव आहे.

परसदार_सातारा (२७ जानेवारी)

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सात दिवस दोन वेळा मोजलं. दिवसाची उष्टी फळं ९, रात्रीची २२. मागच्या गल्लीतल्या अशोकाखाली बिया आणि चोथा, जसं तुम्ही लिहिलं तसंच. दोन वर्षं मी खारीला दोष देत होते आणि आमच्यावर झोपेत डल्ला मारणारं वेगळंच होतं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, उगाच बालंट आलं होतं तिच्यावर."

जाळी काढली. काल पहिल्यांदा ४० चिकू उतरवले. भुकटी चोळताना नानांचा हात आठवला. ते असंच अंगठ्याने चोळून बघायचे, मला वाटायचं फळ पुसताहेत. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

आता डाळिंबाचं सांगा. तिथे मात्र खारच आहे, मी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आहे. रुपयाएवढं भोक पाडून आतले दाणे कोरून नेते, बाहेरून फळ शाबूत दिसतं. डाळिंबही कडक उतरवून पिकवता येईल का?

घोलवडचा_बागायतदार (२७ जानेवारी)

नाही, डाळिंबाला ही युक्ती चालत नाही. चिकू, पेरू, सीताफळ, आंबा ही तोडल्यावर पिकणारी. डाळिंब झाडावर जेवढं गोड झालं तेवढंच, तोडल्यावर गोडी वाढत नाही. म्हणून तिथे राखणच हवी. सीताफळाचे डोळे उघडून मधली फट पांढरट-पिवळी दिसली की उतरवा, तीन-चार दिवसांत पिकतं. डाळिंबाबद्दल कुणी सोलापूर-सांगोल्याकडचं असेल तर त्यांनी सांगावं, माझा हात त्यात नाही.

माणदेशी (२८ जानेवारी)

आमची सांगोल्याला डाळिंबाची बाग. मोठ्या बागेत खारीचा त्रास बांधाकडेच्या दोन ओळींना होतो, घरच्या दोन झाडांना मात्र ती पूर्ण पुरून उरते. आईच्या अंगणातल्या झाडाला मी असं केलंय.

हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी मिळते, तीच घ्या. प्लास्टिक किंवा कापड नको. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, कुरतडणं ही तिची गरजच आहे, त्यामुळे तारेपेक्षा मऊ काहीही टिकत नाही. जाळीचा दीड फुटाचा चौकोन कापा, डब्यासारखा गोल वळवा, तळ आणि झाकण पक्कडीने दुमडा, फांदीसाठी खाच ठेवा. फळ जाळीला टेकता कामा नये, सगळीकडून दोन बोटं अंतर पाहिजे. टेकलं तर ती बाहेरूनच दात लावते. कापलेल्या तारांची टोकं आत वळवा, नाहीतर वाऱ्याने फळाला ओरखडे येतात.

फुलाला घालू नका, फळ लिंबाएवढं झालं की घाला. डब्याचं वजन फांदीवर येतं, म्हणून वरच्या जाड फांदीला सुतळीने टांगा. दोन झाडांना २५-३० डबे पुरतील. एकदा केले की वर्षानुवर्षं वापरा. फळाचा गोलावा जाऊन कडा चपट्या दिसल्या, पाकळ्यांचं तोंड आत वळलं की तोडा.

आणि पाणी ठेवा. उन्हाळ्यात आमच्याकडे खारी ठिबकच्या नळ्या चावतात ते पाण्यासाठी. बांधावर मातीची परळं भरून ठेवायला लागल्यापासून नळ्या बदलायचं काम निम्म्यावर आलं. तुमच्याकडे पक्ष्यांना दाणे घालतात का?

परसदार_सातारा (२८ जानेवारी)

हो, सासूबाई रोज घालतात. बाजरी, आणि भाजलेले शेंगदाणे. मागच्या पायरीवर, डाळिंबापासून चार हातांवर.

माणदेशी (२८ जानेवारी)

मग तुम्ही रोज तिला जेवायला बोलावताय आणि समोरच डाळिंब आहे. बंद करू नका, म्हाताऱ्या माणसाचा नेम मोडू नये. पुढच्या अंगणात न्या, शेंगदाणे वगळा, मूठभर बाजरी सकाळी, चिमण्या अर्ध्या तासात संपवतील एवढीच.

परसदार_सातारा (२१ जुलै)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. पत्ता विचारून पेटी पाठवता आली असती तर प्रत्येकाला चिकू पाठवले असते.

जानेवारीअखेर ते मेपर्यंत ३८४ चिकू उतरवले. पहिल्या ४० मधले १३ कोवळे निघाले, सुरकुतले. पुढे हात बसला, शेवटच्या दोनशेत तीनच वाया गेले. शेंड्याची फळं सोडली, तिथे वटवाघळं येतात, रात्री पंखांचा आवाज येतो. येऊ देत.

डाळिंबाला ह्यांनी २६ डबे केले. तीन डब्यांत फळ वाढून जाळीला टेकलं आणि तेवढी तीनच गेली, माणदेशी दादा, अगदी तुम्ही सांगितलं तसं. पुढच्या वेळी डबा मोठा करणार. बाकी २३ फळं घरात आली.

दाण्यांची जागा बदलायला सासूबाई आधी तयार नव्हत्या. पुढच्या अंगणात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली, तिथे सकाळचं ऊन चांगलं येतं, मग त्याच म्हणाल्या की इथे बरं आहे. मागच्या पायरीवर आता पाण्याचं परळ आहे. खार दुपारी तिथे येऊन पाणी पिते.

नणंदेकडे पाडव्याला दोन पिशव्या दिल्या, एक राहिलेल्या संक्रांतीची. तिने पहिला चिकू फोडला, खाल्ला, आणि म्हणाली, "नानांच्या हातचा लागतोय."

सीताफळाला आता फळं धरलीत. डोळे उघडायची वाट बघते आहे.