अनुभव धागा : घरं झाली, शाळेचं काय?

परवा मिळकतकराचं बिल भरताना पहिल्यांदाच सगळ्या ओळी वाचल्या. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन, वृक्ष, जललाभ... आणि खाली शिक्षणाच्या दोन ओळी. एक महापालिकेचा शिक्षण उपकर, दुसरा राज्याचा शिक्षण कर. हा दुसरा १९६२ च्या कायद्याने आलेला. पालिका तो नुसता गोळा करून पुढे पाठवते. पंधरा वर्षं दोन्ही भरतोय आणि महापालिकेच्या शाळेच्या फाटकातून आजवर आत गेलोय तो फक्त मतदानाला.

पुणे महापालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३. आमच्या बाजूला आधी टॉवर उठले, मग टँकर आले, मग ड्रेनेज. शाळा अजून वाटेत असावी. गेल्या रविवारी इथल्या एका मोकळ्या भूखंडावर बाग हवी की शाळा यावरून बैठकीत अशी जुंपली, की चहा तसाच राहिला. घरी येऊन वाटलं, हे सगळीकडे चालू असणार.

म्हणून हा धागा. नवी घरं, शाळेच्या जागा आणि शाळेचे पैसे यावरून तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. पुण्याबाहेरचेही या. बिल्डरचं, शाळेचं, नगरसेवकाचं नाव नको. सल्लेही नकोत, ते आपल्याकडे मुबलक आहेत.

उंड्रीकरीण

मीच सुरुवात करते, कारण मी शाळेच्या विरोधात सही केली होती.

आमचा प्रकल्प मोठा, सहाशेच्या वर फ्लॅट. एवढ्या मोठ्या जमिनीवर बांधायचं तर बिल्डरला ॲमेनिटी स्पेस, म्हणजे शाळा-बागेसारख्या सोयींसाठी मोकळी जागा, सोडावी लागते, ती आमच्या भिंतीला लागून. बुकिंगच्या वेळी ब्रोशरमध्ये तिथे हिरव्या रंगात 'स्कूल' लिहिलेलं होतं आणि फ्लॅट घेण्याचं ते एक कारणही होतं. २०२१ मध्ये पुण्यात ॲमेनिटी स्पेस लांब मुदतीच्या कराराने खासगी लोकांना द्यायचा प्रस्ताव आला, त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा आम्ही सगळे 'आमची जागा वाचवा' म्हणत पेटून उठलो. मग कुणीतरी बातमी आणली की इथे पालिकेची शाळा होऊ शकते. दोन दिवसांत ग्रुपचा सूर बदलला. आधी 'ट्रॅफिक होईल', मग 'आवाज होईल', मग एकाने स्पष्टच लिहिलं, 'कुठकुठली मुलं येतील.' त्याला एकतीस अंगठे आले. एकतिसावा माझा नसेल, पण मी गप्प राहिले आणि निवेदन दारावर आलं तेव्हा सही केली. माझी मुलगी तेव्हा नऊ किलोमीटरवरच्या शाळेत जात होती, सकाळी सहा चाळीसची बस.

आज त्या जागेवर राडारोडा आहे आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या. मुलगी आता सातवीत. बस सहा पंचविसाची झाली, कारण मधे आणखी चार सोसायट्यांचे थांबे वाढले.

सातबारा

ताई, तुमी निदान खरं बोललात. आता जमीनवाल्याची बाजू ऐका.

आमचं गाव १९९७ ला पालिकेत आलं. डीपी, म्हंजे विकास आराखडा, व्हायला पुढं किती वर्षं गेली ते विचारू नका. झाला तेव्हा आमच्या वीस गुंठ्यावर पिवळ्या कागदात 'प्राथमिक शाळा' असं आरक्षण पडलं. वडील म्हणाले, चांगलं काम हाय, देऊ. पण देऊ म्हणून घेतंय कोण? पैसे मागितले तर म्हणं टीडीआर घ्या, म्हंजे पैशाऐवजी दुसरीकडं जादा बांधायचा नाहीतर विकायचा हक्क. टीडीआरचा भाव तवा पार बसला होता. जमीन विकता येईना, बांधता येईना, बँक कर्जाला उभं करीना. उसाला पाणी नाही, कारण चारी बाजूंनी बिल्डिंगी. धाकट्या बहिणीचं लग्न होतं त्या वर्षी आमी गावाकडची दुसरी जमीन काढली.

मग वकिलानं १२७ कलम सांगितलं. १९६६ च्या नगररचना कायद्यातलं. दहा वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही तर मालकानं नोटीस द्यायची. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत त्यांनी पाऊल उचललं नाही तर आरक्षण गेलं. आता ती मुदत चोवीस महिने हाय. आमी नोटीस दिली. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. कोणी मुद्दाम फिरवली का खरंच पैसा नव्हता, देव जाणे. आरक्षण उडालं.

आता तिथं सात मजली बिल्डिंग हाय, त्यात माझे दोन फ्लॅट. माझा नातू शाळेला जातो ते हडपसरला. सून रोज गाडीवर सोडती. लोक मला म्हणतात तू शाळेची जागा खाल्ली. म्या म्हणतो, शाळेला विरोध नव्हताच. पण आरक्षणाची रेघ कायम आमच्यासारख्याच्याच वावरातून का जाती? रस्त्याच्या पलीकडं गेली की ती वाकडी होती.

धागाकर्ता

सातबारा, हे बैठकीत कुणी सांगतच नाही. आम्ही सगळे 'आरक्षण गिळलं' एवढंच बोलतो. तुम्हाला त्या वेळी रोख मोबदला मिळाला असता तर दिली असती का जमीन?

सातबारा

निम्मे जरी हातात दिले असते तरी. वडील असताना तर नक्की.

खडू

मी पेठेतली निवृत्त शिक्षिका. आमचं दुखणं नेमकं उलटं होतं, शाळा होती आणि मुलं नव्हती.

अनुदानित मराठी शाळा, दगडी जोतं, लाकडी जिना. मी लागले तेव्हा इयत्तेला तीन तुकड्या. वाडे पडत गेले. वाड्यात पंधरा बिऱ्हाडं होती तिथे इमारत झाली, तळाला दुकानं, वर ऑफिसं, आणि त्याच्याही वर एखादं आजी-आजोबांचं जोडपं. बिऱ्हाडं धायरीला, वारज्याला, कात्रजला गेली. शाळेला चाकं नसतात. दर उन्हाळ्यात आम्ही पटनोंदणीसाठी नदीपलीकडच्या वस्त्यांतून फिरायचो, रिक्षाचे पैसे शिक्षकांनी खिशातून काढायचे. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या सरकारी हिशोबात, पद कमी, पद कमी झालं की कुणीतरी 'अतिरिक्त', मग समायोजन होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. पगार सरकार देतं म्हणून लोकांना वाटतं शाळेला पैसे मिळतात. वीजबिल, खडू, संडासाची डागडुजी ही वेतनेतर अनुदानातून करायची, आणि ते येईल तेव्हा आणि येईल तेवढं.

संस्थेने इमारत पाडून नवी बांधायचं ठरवलं. खाली चार मजले भाड्याने, वर शाळा, भाड्यातून शाळा चालणार. माजी विद्यार्थी खवळले. 'आमच्या आठवणी विकताय' म्हणून सभा झाली, डोळ्यांत पाणी, जुन्या बाकांबरोबर फोटो. मी उठून विचारलं, तुमच्यापैकी कुणाची मुलं आज मराठी शाळेत आहेत त्यांनी हात वर करा. दोन हात आले. एक आमच्याच शिपायाचा.

मी नव्या इमारतीच्या बाजूने होते, अजूनही आहे. जिन्याखाली ताडपत्री लावून सातवीचा वर्ग घेतलाय मी, मला त्या लाकडाचं प्रेम सांगू नका. प्रकरण मिटलेलं नाही. पट आता किती आहे विचारायला फोन करायचं मी टाळते.

नुसताच वाचक

आमच्या समाविष्ट गावात जिल्हा परिषदेची शाळा. गाव पालिकेत गेलं. पत्रा गळत होता. झेडपी म्हणाली आता पालिका बघेल, पालिका म्हणाली हस्तांतर झालेलं नाही. दोन पावसाळे. शेवटी गणेश मंडळाने वर्गणीतून पत्रा टाकला. बाकी वरच्यांचं वाचतोय.

गेट नंबर दोन

मी सोसायटीत सुरक्षारक्षक आहे, मूळचा नांदेडकडचा. साहेब लोकांच्या धाग्यावर लिहावं का नाही ठरत नव्हतं.

पोरीसाठी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्काखाली खासगी शाळेत गरिबांच्या पोरांना पंचवीस टक्के मोफत जागा असतात त्याचा, फॉर्म भरला तो २०२४ ला. घर एका खोलीचं, मालक भाडेकरार नोंदवून द्यायला तयार नाही, म्हणतो टॅक्स लागतो. फॉर्मला नोंदणीचाच करार लागतो. शेवटी आमच्या सेक्रेटरी मॅडमनी मालकाला फोन केला तेव्हा हलला. तेवढ्यात फेब्रुवारीत नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळा पंचवीस टक्क्यांतून मोकळी. आमच्यापासून पालिकेची शाळा नकाशात नऊशे मीटर. नकाशात. मधे नाला आहे, पूल नाही, चालत जायचं तर अडीच किलोमीटर पडतं. मे महिन्यात हायकोर्टानं त्या नियमाला स्थगिती दिली, १९ जुलैला नियमच रद्द केला. तोपर्यंत बाकीच्या पोरांची शाळा सुरू होऊन महिना झाला होता. माझी पोर रोज गणवेशातल्या पोरांची बस बघत गेटवर माझ्याजवळ बसायची.

नंबर लागला. शाळा तीच, जिथं आमच्या सोसायटीतली पोरं जातात. सरकार एका लेकरामागं वर्षाला १७,६७० पर्यंत शाळेला देतं म्हणतात, तेही थकतं, म्हणून शाळेचाही चेहरा आमच्याकडं बघून उतरतो. सहल, गॅदरिंग, कसलं ॲप, याचे पैसे वेगळे. बी विंगमधला एक मुलगा तिच्याच वर्गात आहे. तो मला काका म्हणतो. त्याची आई 'वॉचमन' म्हणते, पण गणिताची जुनी वही त्यांनीच दिली, हेही लिहितो.

आठवीपर्यंत काळजी नाही. नववीची फी आत्ताच विचारून ठेवलीय. आकडा बायकोला सांगितलेला नाही.

उंड्रीकरीण

तुमच्या नऊशे मीटरच्या नाल्यावर काय बोलू कळेना. आमच्या बाजूची ती शाळा झाली असती तर कदाचित तुमच्यासारख्या कुणाची मुलगी चालत गेली असती. माफ करा म्हणणंही हलकं वाटतंय.

गेट नंबर दोन

ताई, माझीही पोर पालिकेच्या शाळेत घालायची इच्छा नव्हतीच. इंग्रजी पाहिजे होतं. तुमचं एकटीचं नाही.

कोथरूड ते कुपर्टिनो

मी २००८ पासून कॅलिफोर्नियात. इथे गंमत उफराटी आहे. शाळा चांगल्या, म्हणून घरं महाग; घरं महाग, म्हणून लहान मुलांची कुटुंबं येऊ शकत नाहीत; मुलं नाहीत, म्हणून शाळा बंद.

आमच्या गावातला जुना वॅल्को मॉल पाडून तिथे घरं बांधायचं निघालं. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला होता की घरांचं उद्दिष्ट पुरं न करणाऱ्या शहरांना असे प्रकल्प झटपट मंजूर करावे लागतील. त्याखाली २०१८ मध्ये दोन हजार चारशेच्या वर घरं मंजूर झाली, निम्मी परवडणाऱ्या किमतीची म्हणून. सभांमध्ये काय रण माजलं! 'शाळा ओसंडून जातील' हे पालुपद. बोलणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही होती, गणपतीच्या आरतीला शेजारी उभी राहणारी. प्रत्यक्षात शाळांचा पट आधीपासूनच उतरत होता, आणि २०२२ मध्ये दोन प्राथमिक शाळा बंद झाल्या. त्यातली एक माझ्या मुलाची. शेवटच्या दिवशी पालकांनी मैदानावर पिझ्झा आणला. घरं तोवर झालेलीही नव्हती.

पैशाचं वेगळंच. इथे १९७८ पासून घर विकलं जात नाही तोवर त्याची करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. माझ्या शेजारचे आजोबा सत्तरीच्या दशकापासून राहतात, तेवढ्याच घराला माझ्या करातला किरकोळ हिस्सा भरतात. शाळांसाठी जादा कर लावायचा तर दोन तृतीयांश मतं लागतात. मी दारोदार पत्रकं वाटली आहेत. एका आपल्याच काकांनी दार उघडून चहा दिला, पोह्यांचा आग्रह केला आणि म्हणाले, 'अरे, माझी दोघं शिकून गेली. आता मी का भरू?' ते पुण्याला आले की मुलांच्या जुन्या शाळेला देणगी देतात. कोनशिलेवर नाव आहे.

धागाकर्ता

काकांना मी ओळखतो असं वाटतंय. अशी माणसं प्रत्येक पेठेत असतात.

साइटवरून

सगळे फ्लॅट घेणारे नाहीतर जमीन देणारे. मी बांधणारा, म्हणजे साइट इंजिनिअर. आमच्या साइटवर मजुरांची चाळीसेक मुलं असायची. मराठवाडा, बुलढाणा, काही छत्तीसगडचे. आई विटा उचलायला, मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला, म्हणजे दोघांचीही शाळा बुडाली. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर मजूर कल्याणासाठी भरावा लागतो, आम्ही भरतो. पण त्यातून मिळणारी शिष्यवृत्ती नोंदणी झालेल्या मजुराच्या मुलाला, आणि नोंदणीला नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला. आमचे मजूर स्लॅब झाला की दुसऱ्या साइटवर.

एका संस्थेच्या बाई आल्या, म्हणाल्या एक खोली द्या. पत्र्याची शेड दिली. साहेबांना सांगितलं की सेफ्टी ऑडिटला बरं दिसतं, मुलं यंत्रांपासून लांब राहतात. ते लगेच पटलं. दीड वर्ष चालली. बाईंनी पत्र्यावर ऑइलपेंटने बाराखडी काढली होती, मुलांच्या उंचीवर, त्यामुळे आम्हाला वाकून वाचावी लागायची. दहा-बारा मुलं पुढे जवळच्या पालिकेच्या शाळेत बसवली, त्यांतली किती टिकली कोण जाणे, कारण पझेशन सुरू झाल्यावर सगळेच पांगले.

शेड काढली तिथे आता सोसायटीचं क्लबहाउस आहे. पत्रे वाया घालवत नाही आम्ही. आत्ताच्या साइटला कुंपण लागलंय त्यात ते आहेत, काही उलटे ठोकलेत. 'क' ते 'ङ' रस्त्याच्या बाजूला आले.