मदत हवी आहे: होडीच्या इलेक्ट्रिक मोटरमध्ये खाडीचं पाणी शिरलंय

नमस्कार मंडळी,

मामाची आंजर्ल्याच्या खाडीत छोटी फायबरची होडी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने पेट्रोलचं इंजिन काढून १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर बसवली. ही मोटर पंख्यालगत असते आणि कायम पाण्याखाली चालते. गणपतीत गेलो तेव्हा ती अडखळत होती आणि वायर हाताला चटका बसेल इतकी तापत होती. तिकडे दुरुस्त करणारं कुणी मिळेना, म्हणून एसटीने पुण्याला घेऊन आलो. आता कोथरूडला आमच्या गॅलरीत वर्तमानपत्रावर उघडी पडली आहे.

पंखा काढला तर मागे शाफ्टला तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेली, रिळासारखी घट्ट. तिनेच ऑइल सीलची, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगची, कड कापली असणार. आतून अर्धी वाटी काळं पाणी निघालं, कार्बन ब्रशची (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे) पूड मिसळलेलं. एक ब्रश जागीच अडकलाय, त्याची स्प्रिंग गंजून तुटली. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आणि बोल्ट स्टीलचे, त्यामुळे प्रत्येक बोल्टभोवती पांढरी भुकटी फुगून आली आहे. वायर चार इंच सोलली तरी आतलं तांबं काळंच!

ब्रश आणि वायर तपकीर गल्लीत बघणार आहे. पण रिवाइंडिंगवाले काका म्हणतात, आत ग्रीस ठासून भर, म्हणजे पाण्याला जागाच उरणार नाही. हे मला पटत नाही. बॉडीऐवजी स्वतः गंजणारा झिंकचा अ‍ॅनोड लावू का? जोडांना सिलिकॉन चालेल का? मामाचा रोजचा धंदा त्या होडीवर आहे, म्हणून पुन्हा पाणी शिरू नये असं काम करायचंय.

प्रतिसाद १

ग्रीस अजिबात भरू नका. ब्रशची पूड त्यात कालवली गेली की कॉम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) खाचा भरतात आणि शॉर्ट होतो. ग्रीस फक्त सीलच्या ओठाला आणि ओ-रिंगला (जोडातल्या रबरी कड्याला), तेही बोटाने पुसट. आधी सगळं साध्या पाण्याने दोनदा धुऊन मीठ काढा, मग खोक्यात ६० वॅटचा बल्ब लावून दोन दिवस वाळवा.

सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते तांब्याजवळ नेऊ नका, ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे तसा आंबट वास नसलेलं, मागा. काळी वायर पूर्ण बदला, कारण इन्सुलेशनखालून पाणी झिरपत वर चढतं. टिनची कल्हई असलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या आणि जोडावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा.

एक विचारतो. मामा दुपारी मोटर वर उचलून उन्हात ठेवतात का?

प्रतिसाद २

अ‍ॅनोड जरूर लावा. समुद्रात झिंक चालतं, खाडीच्या मचूळ पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचा बरा. मात्र तो बॉडीच्या उघड्या धातूला टेकला पाहिजे आणि त्याच्यावर रंग मारायचा नाही. रंगवलेला अ‍ॅनोड असून नसल्यासारखा. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घ्या. ते आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले तरी गंज धरतोच, म्हणून आट्यांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावून बसवा.

मूळ प्रश्नकर्ता

मामाला फोन केला. हो, जेवणाच्या वेळी वर उचलतो आणि तापलेली तशीच परत पाण्यात सोडतो.

प्रतिसाद १

मग तेही कारण आहे. आतली तापलेली हवा थंड पाण्यात आकसते आणि कमजोर सीलमधून पाणी आत ओढते. मोटरवर ओलं गोणपाट टाका आणि निवल्यावरच सोडा.

आणि नवं सील घेण्याआधी शाफ्टवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, नवं सीलही गळेल. जुनं सील काढताना त्याचं तोंड कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा, उलट बसलं की सगळी मेहनत वाया.

मूळ प्रश्नकर्ता

नख अडकतंय, दोन ठिकाणी. उद्या भोसरीत लेथवाल्याकडे शाफ्ट नेतोय, खाचांवर पातळ स्टीलची स्लीव्ह (नळी) चढवता येते का बघतो. सीलचं माप त्यानंतरच घेईन. पंख्यामागे तंगूस अडकली का, हे मामा आता रोज होडी ओढताना बघणार आहे.