मेडिसिनमधून मानसोपचार वॉर्डात बदली: सिस्टरने नेमकं काय बघायचं, काय शिकायचं?

सातरस्ता

नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली सिस्टर, मेडिसिन वॉर्डात चार वर्षं. पुढच्या महिन्यात सोलापुरातच मानसोपचार वॉर्डात बदली आहे. सलाईन, कॅथेटर, इन्सुलिन, नेब्युलायझर यांत अडत नाही. तिथे मात्र पेशंट चालते-फिरते, बीपी-नाडी नॉर्मल, निम्म्यांना सलाईनही नाही. मग आठ तासांच्या ड्युटीत सिस्टरने करायचं काय? पुस्तकात पेशंटशी नातं कसं जोडावं यावर पानंच्या पानं आहेत, पण गोळी गालात दडवणाऱ्याला गोळी कशी द्यायची, हे कुठे सापडत नाही.

आत्महत्येचा धोका असलेल्यावर लक्ष ठेवायचं म्हणजे किती वेळाने आणि काय बघायचं? ‘मला आवाज येतात’ म्हणाला तर उत्तर काय द्यायचं? अंगावर आला तर? बांधायला सांगितलं तर कायदा काय म्हणतो? आणि लिथियम (मूड सावरणारं औषध), क्लोझापिन (भास-संशयावरचं औषध) देताना सिस्टरच्या हातून काय चुकतं?

रातपाळी

आधी नोंदीचं सांगते, कारण या वॉर्डात सगळं त्यावर चालतं. डॉक्टर राउंडला पेशंटला दहा मिनिटं बघतात, उरलेला दिवस आणि सगळी रात्र तो सिस्टरसमोर असतो. ‘झोप चांगली’ असं लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. ‘११.४० ला झोपला, ३.१० ला उठला, पाचपर्यंत व्हरांड्यात फेऱ्या, जाग आल्यापासून रडणं’ असं लिहिलं तर डिप्रेशनचा डोस पुरत नाही हे डॉक्टरांना वाचता येतं. उन्मादाच्या पेशंटची झोप दोन तासांवरून पाच तासांवर आली, तर ती सुधारणेची पहिली खूण असते आणि ती फक्त रात्रपाळीच्या कागदावर दिसते. ‘आक्रमक’, ‘हट्टी’, ‘सहकार्य करत नाही’ हे शब्द नोंदीत नकोत, ते शेरे आहेत. ‘१०.२० ला ताट भिंतीवर फेकलं, त्याआधी पाच मिनिटं एकटाच पुटपुटत होता’, ही नोंद.

आता गोळ्या. ट्रॉली घेऊन पलंगापलंगाने जायचं, एका वेळी एकच पेशंट. नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या. अर्धा ग्लास पाणी संपेपर्यंत समोर उभं राहा. मग तोंड उघडायला सांगा: जिभेखाली, वरच्या ओठाच्या आत, दोन्ही गालांत. टॉर्च मारून बघा, पण झडती घेतल्यासारखं वागू नका. ‘गोळी चिकटली नाही ना कुठे?’ एवढं म्हटलं की पुरतं. नंतर दहा-पंधरा मिनिटं त्याला बाथरूमला एकटं सोडू नका, कारण गोळी थुंकायची जागा तीच. उशीची खोळ, गादीची शिवण, लेंग्याचा नेफा रोज बघायची. साठवलेल्या गोळ्या एकदम घेणं हाही आत्महत्येचा मार्ग आहे. वारंवार दडवत असेल तर डॉक्टरांना सांगून तोंडात विरघळणारी गोळी किंवा सिरप मागा. आपल्या मनाने कुटून देऊ नका. लिथियमची एसआर आणि व्हॅल्प्रोएटची सीआर गोळी कुटली की हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं. जेवणात लपवूनही देऊ नका. ते कळलं की पेशंट गोळीही सोडतो आणि जेवणही.

आत्महत्येबद्दल सरळ विचारायचं. ‘जीव नकोसा झालाय का? स्वतःला संपवावंसं वाटतं का?’ विचारल्याने मनात नसलेलं भरतं, हा गैरसमज आहे. हो म्हणाला तर पुढे: कसं करायचं ठरवलंय, त्यासाठी काही जमवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का. ज्याच्याकडे मार्ग ठरलेला आहे आणि साधनही हाताशी आहे, त्याचा धोका सगळ्यांत मोठा. त्याला नर्सिंग स्टेशनसमोरचा पलंग आणि हाताच्या अंतरावर सतत एक माणूस, संडासला जातानासुद्धा. दार आतून लावू द्यायचं नाही. ओढणी, सलवारची नाडी, बांगड्या, चार्जरची वायर, ब्लेड, बूटाची लेस काढून यादी करून नातेवाइकांकडे सही घेऊन द्या. आपलंच सामानसुमान विसरू नका: सलाईनची नळी, बँडेजचा रोल, कात्री, फिनाईलची बाटली.

मध्यम धोक्यासाठी १५ मिनिटांची फेरी असते. ती घड्याळाच्या ठोक्यावर घेऊ नका. बरोबर १५ मिनिटांनी सिस्टर येते हे पेशंटला दोन दिवसांत पाठ होतं. कधी आठ मिनिटांनी, कधी बाराने, पंधराच्या वर जाऊ द्यायचं नाही. झोपलेल्याचं पांघरूण वर-खाली होतंय ना, तेवढं थांबून बघा. आणि ओव्हर देण्याची, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगण्याची, वेळ जपा. सगळ्या सिस्टर टेबलाभोवती आणि वॉर्ड मोकळा, असं होतं. एक जण वॉर्डात, बाकीच्यांनी ओव्हर घ्यायचा. काल रडणारा माणूस आज एकाएकी शांत झाला, घड्याळ-अंगठी वाटायला लागला, तर ‘बरा झाला’ असं लिहू नका. डॉक्टरांना फोन करा.

आवाजांबद्दल: वाद घालायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही. ‘तुम्हाला ऐकू येतंय आणि त्याचा त्रास होतोय, हे मला कळतंय. मला मात्र ऐकू येत नाही.’ मग एक गोष्ट न विसरता विचारा: आवाज काय करायला सांगतात? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील तर तो प्रसंग तातडीचा. नाहीतर त्याचं मन हाताच्या कामाकडे वळवा. चादरीची घडी, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणं, दोघांनी चालणं. बोलताना आवाज मंदावतात हे पुष्कळ पेशंट स्वतःच सांगतात.

पूर्वभाग

वरचं सगळं बरोबर. सोलापूरच्या हवेचं आणि माणसांचं तेवढं जोडतो.

लिथियम आणि एप्रिल-मे. इथे पारा चाळीसच्या वर जातो. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. डोस तोच, पण रक्तातली पातळी चढते. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर. जेवणातलं मीठ आहे तेवढंच ठेवायचं, एकदम कमी करायचं नाही. निर्जळी उपवास, रोजे, वारीला चालत जाणं हे ठरण्याआधीच डॉक्टरांना विचारायला सांगा, नंतर नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पुढचा डोस थांबवून लगेच कळवायचं. बोटांची बारीक थरथर ही रोजची गोष्ट. थरथर मोठी झाली, कप धरवेना, चाल झोकांड्या खाऊ लागली, जीभ जड झाली, की ती लिथियमची विषबाधा समजा आणि रक्तातली पातळी तपासायला पाठवा.

रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायचं. रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त काढल्यावर. पातळी ०.६ ते १.० (mmol/L) या पट्ट्यात हवी, १.५ च्या वर धोका. आणि हे लक्षात ठेवा: हिरव्या टोपणाच्या बाटलीत बहुधा लिथियम हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं. त्यात रक्त घेतलं की पेशंटच्या रक्तात नसलेलं लिथियम रिपोर्टात दिसतं आणि औषध विनाकारण बंद होतं. लाल टोपणाची साधी बाटली वापरा.

यंत्रमागावर उभं राहून पाठ-गुडघे दुखणारे पेशंट मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेतात. त्याने लिथियम चढतं. बीपीच्या पाणी काढणाऱ्या गोळ्या, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांनीही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. केसपेपरवर ‘लिथियम चालू’ हे लाल शाईने लिहा, म्हणजे हाडांच्या ओपीडीत गेला तरी दिसेल.

विडीचं गणित वेगळं. धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन आणि ओलांझापिन लवकर संपवतं. भरती झाल्यावर विडी सुटते आणि त्याच डोसाने पातळी वाढते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून झोपाळूपणा, लाळ, उठताना चक्कर दिसली तर ‘औषध लागू पडतंय’ म्हणून सोडू नका. डिस्चार्जनंतर विडी परत सुरू होते, पातळी पडते, महिन्याभरात पेशंट पुन्हा दारात. म्हणून भरतीलाच विचारा, दिवसाला किती बंडल. मिश्री-मावा खाणाऱ्यांना आणि विडी वळणाऱ्या बायकांना हे लागू नाही, धूरच लागतो.

भाषा. पूर्व भागातल्या पुष्कळ घरांत तेलुगू, अक्कलकोटकडच्यांची कन्नड. दुःख माणूस घरच्या भाषेत सांगतो. ‘निद्र पट्टिंदा?’ (तेलुगूत ‘झोप लागली का?’), ‘ऊट आयता?’ (कन्नडमध्ये ‘जेवण झालं का?’) एवढं आलं तरी पेशंट मान वर करतो. पण आत्महत्या, आवाज, संशय हे प्रश्न नातेवाइकामार्फत विचारू नका. पेशंट पाच वाक्यं बोलतो आणि नातेवाईक ‘काही नाही म्हणतोय’ एवढंच सांगतो. ती भाषा येणारी दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर बोलवा.

हुतात्माबाग

अंगावर येण्याबद्दल. तो क्षण अचानक येत नाही. आधी येरझाऱ्या, मुठी, चढा आवाज, उत्तर न देता रोखून बघणं असतं. तेव्हाच पुढे व्हा. एकानेच बोलायचं, बाकीचे दिसतील पण दूर. दोन हातांचं अंतर, समोर छाती न काढता जरा तिरकं उभं राहा, दरवाजा आपल्या पाठीशी मोकळा हवा. गळ्यातलं ओळखपत्र, लांब साखळी काढून ठेवा. आवाज खाली, वाक्य छोटं. ‘बसता का, पाणी देते. इथे बसायचं की बाहेर व्हरांड्यात?’ दोन पर्याय दिले की माणसाला आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं. ‘इंजेक्शन देईन हं’ अशी धमकी दिली की पुढच्या वेळी तो इंजेक्शनला शिक्षाच समजतो.

इंजेक्शन लागलंच तर हॅलोपेरिडॉल ५ आणि प्रोमेथाझिन ५० मिलिग्रॅम स्नायूत ही नेहमीची जोडी. डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरशिवाय नाही. ओलांझापिनचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यालाच लागून लोराझेपामचं इंजेक्शन द्यायचं नाही, श्वास आणि बीपी पडतं. दिल्यावर ‘झोपला, बरं झालं’ म्हणून पाठ फिरवू नका. पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन, आणि हाक मारून जागा होतो का.

हॅलोपेरिडॉलनंतर काही तासांत ते दोन-तीन दिवसांत, विशेषतः तरुण पोरांत, मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. घरचे ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अंगारा लावतात. औषधाचाच परिणाम आहे हे त्यांना समजावा आणि डॉक्टरांना बोलवा, प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने अर्ध्या तासात उतरतं. ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम, शुद्ध हरपत चाललेली, हे एकत्र दिसलं तर पुढचा डोस रोखा आणि तसंच धावत सांगा. उन्हाळ्यात याला ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून देतात, आणि त्यात जीव जातो.

बांधण्याबद्दल मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७. एकट्याला खोलीत कोंडणं पूर्ण बंद. बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा त्या क्षणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होणारच आहे आणि दुसरा मार्ग नाही, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरत्याच वेळासाठी. शिक्षा म्हणून नाही आणि ‘स्टाफ कमी आहे’ म्हणूनही नाही. कारण, पद्धत, किती वेळ, सगळं लिहायचं. पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायचं. साखळीने बांधण्यावर तर कलम ९५ नेच बंदी आहे.

प्रत्यक्षात पाच जण: चार हात-पायांना, एक डोक्याशी, आणि तोच बोलणारा. पालथं कधीच नाही, छाती दबून श्वास कोंडतो. उताणं, डोकं थोडं उंच. पट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग आणि गारपणा, दर दोन तासांनी एकेक हात-पाय सोडून हलवायचा. पाणी आणि लघवी स्वतःहून विचारा. बांधलेल्या माणसाला मागायची लाज वाटते.

सातरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. क्लोझापिनचं रक्त कधी कधी करायचं? आणि डेपो इंजेक्शन (एकदा दिलं की आठवडे पुरणारं) नेहमीच्या आयएमसारखंच, म्हणजे स्नायूतल्या इंजेक्शनसारखंच ना?

रातपाळी

क्लोझापिन: सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मग पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. मधल्या काळात ताप किंवा घसा दुखला की वाट न बघता त्याच दिवशी सीबीसी, पांढऱ्या पेशी पडलेल्या असू शकतात. शौचाला रोज विचारा. या औषधाने आतडं मंदावतं आणि त्यातून आतडं अडून मृत्यू होतात, लाळेची तक्रार मात्र सगळे लिहितात. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस द्यायचा नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून परत चढवतात. गावाला जाऊन तीन दिवसांनी परतलेल्याला ट्रॉलीवरचा नेहमीचा डोस देणं, ही चूक फार होते.

डेपो: फ्लुफेनाझिन डेकॅनोएट तेलात असतं, म्हणून सुई २१ नंबरची, सिरिंज आणि सुई कोरडी. पाण्याचा थेंब असला तरी औषध गढूळ होतं. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, कातडी एका बाजूला ओढून धरून, खोल आणि सावकाश. सुई काढण्याआधी दहा सेकंद थांबा, मग कातडी सोडा. चोळू नका, तेल बाहेर येतं आणि गाठ होते. पुढच्या वेळी दुसरी बाजू. तारीख केसपेपरवर आणि पेशंटच्या कार्डावर, दोन्हीकडे. तारखेला आला नाही तर त्याच दिवशी फोन करा. घरी रात्री-अपरात्री बिघडला तर काय, असं नातेवाईक विचारतात. डिस्चार्ज कार्डावर टेली मानसचा १४४१६ मोठ्या अक्षरात लिहा. चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलतात.